ऑस्टिन येईपर्यंत

मी, अरुणा निशिकांत मोहिते, माहेरची साळवी, वय त्र्याऐंशी, राहणार हौगांग, सिंगापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण आणायला घरात दुसरं माणूस असावं लागतं. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी त्र्याण्णवपर्यंत आले आणि म्हटलं, पुढचं तुम्ही करा, फी तुम्ही घेतली आहे. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात पुष्कळ नावं होती, पण ती माणसं आता उरलेली नाहीत.

मराठीत लिहिते आहे, कारण भांडायला मला हीच भाषा येते. वकिलांनी याचं इंग्रजी करून घ्यावे, आणि करताना माझा आवाज खाली आणू नये. अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

कलम १. माझा हौगांगचा फ्लॅट माझा एकुलता एक मुलगा सारंग यास मिळावा. तो पर्थला असतो आणि आता तिथलाच नागरिक आहे, त्यामुळे नियमाप्रमाणे त्याला फ्लॅट ठेवता येणार नाही, विकावा लागेल. तर विकावा. स्वयंपाकघराची खिडकी वर उचलून लावावी लागते, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. बँकेतली शिल्लकही सारंगचीच. सीपीएफचं, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचं, नामांकन वेगळं केलेलं आहे, त्याचा या कागदाशी संबंध नाही.

कलम २. शिलाई मशीन बुकित पंजांगच्या शिवणवर्गाला द्यावे. मी तिथे कित्येक वर्षं शिकवलं. परवा फोन केला तर पलीकडच्या मुलीने माझं नाव दोनदा विचारलं, तरी मशीन त्यांनाच द्यावे. पॅडल जड आहे, तेल घालत राहावे लागते.

कलम ३. माझा धाकटा भाऊ प्रबोध याने मला न विचारता आमच्या वडिलांची ऑस्टिन गाडी भंगारात काढली. तो हयात नाही. तरीही मी त्याला माफ केलेलं नाही, याची नोंद व्हावी. त्या गाडीचा एकच तुकडा माझ्याकडे आहे, शर्यतीत तिच्या दारावर लावलेला अकरा नंबरचा पत्रा. तो कोणाला द्यायचा हे सांगायचं तर सगळी हकिकत सांगावी लागेल. वकिलांनी कंटाळू नये.

कलम ४. माझे वडील गणपत साळवी, आमचे दादा, लढाईच्या आधी कराडहून इथे आले, एका रबर कंपनीच्या साहेबाचे ड्रायव्हर म्हणून. लढाईनंतर साहेब परतला नाही. त्याची छोटी ऑस्टिन एका शेडमध्ये मोडून पडली होती. लष्कराने टाकून दिलेलं सामान जमवून दादांनी ती चालती केली. १९४९ साली, आज जिथे बुकित बातोक आहे त्या बाजूच्या रस्त्यांवर, एका मोटार क्लबाने हँडिकॅप शर्यत ठेवली. म्हणजे सगळ्यांत मंद गाडी सगळ्यांत आधी सोडायची, मग तिच्याहून वेगवान, आणि सगळ्यांत दांडगी शेवटी. हेतू हा, की सगळ्या एकाच सुमाराला पोचाव्यात. कोणाला किती आधी सोडायचं हे ठरवायला एक साहेब होता. त्याने ऑस्टिनभोवती एक चक्कर मारली, हसला, आणि दादांना सगळ्यांत आधी सोडलं. दादांना तो केवढा मान वाटला! "बघ गं," ते आईला म्हणाले, "सगळ्यांच्या पुढे मी!"

पुढे ते फार वेळ राहिले नाहीत. इंजिन तापलं. दादा एका कंपाँगपाशी, म्हणजे खेड्यापाशी, थांबले, विहिरीचं पाणी मागून आणलं, ते ओतेपर्यंत मागच्या सगळ्या गाड्या निघून गेल्या. आई आणि मी शर्यत संपते त्या रेघेपाशी उभ्या होतो. जिंकणारा आला, टाळ्या झाल्या, त्याला चषक मिळाला, बँड वाजला. मग खुर्च्या उचलल्या, दोऱ्या सोडल्या. झेंडेवाला झेंडा गुंडाळून निघाला तेव्हा आई त्याच्या आडवी गेली आणि चक्क मराठीत म्हणाली, "अहो, एक गाडी यायची आहे अजून!" तो "फिनिश, फिनिश" म्हणाला आणि गेला. मैदान मोकळं झालं. मी सारखी घरी चल म्हणत होते. आई हलली नाही.

अंधारून यायला लागल्यावर ऑस्टिन आली, वाफा सोडत. आईने पदर हातात धरून झेंड्यासारखा हलवला. दादांनी बरोबर रेघेवर गाडी उभी केली, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "कितवा आलो गं?"

आई म्हणाली, "पहिले. बघा की, तुमच्याआधी इथं दुसरं कोणी आलंय का?"

दादा इतके हसले की त्यांना खाली उतरता येईना. त्यानंतर अनेक वाईट वर्षं आली, पण आमच्या घरात त्या एका वाक्याने पुष्कळ काही निभावून नेलं.

कलम ५. माझं दहन मंडाईच्या दाहिनीत करावे. पूजा नको, हार नकोत, भाषणं तर नकोतच. मला एक माणूस हवं आहे. त्याने शेवटपर्यंत उभं राहावे आणि आईचं ते वाक्य माझ्यासाठी मोठ्याने म्हणावे. हे मी सारंगला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, आता लाइव्हस्ट्रीम असते ना. मी इथून बघेन लाह." इथलं ते "लाह" त्याच्या तोंडून अजून गेलेलं नाही.

मी म्हटलं, "आणि म्हणणार कसं?"

"तिकडे ऐकू नाही जाणार," तो म्हणाला. "वन वे असतं."

मी फोन ठेवला. राग नाही असं लिहिणार होते. आहे. फार आहे.

कलम ६. माझ्या समोरच्या दारात प्रीतम आणि मैत्रेयी वाघमारे राहतात. मूळचे नागपूरचे. तो इथे संशोधनाचं काम करतो. जाता-येता हाक मारतात, मैत्रेयी रविवारी गरम भाकरी आणून देते आणि मी खाईपर्यंत बसते. पत्रा त्यांना द्यायचा आणि ते वाक्यही त्यांच्यावर सोपवायचं, असं मी ठरवलं होतं. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, आणि साक्षीदार दोन लागतात. या शहरात माझा सगळा जन्म गेला. सहीसाठी हाक मारावी अशी दोनच माणसं आठवली, ती हीच. तेव्हा ते सही करतील, आणि पत्रा त्यांना मिळणार नाही.

मैत्रेयी म्हणाली, "आजी, पत्र्याचं काय घेऊन बसलात? आम्ही येऊ ना. मी म्हणेन."

ते गेल्या महिन्यात. या महिन्यात प्रीतमच्या इथे राहून काम करण्याच्या पासची मुदत वाढली नाही. महिनाअखेर दोघं परत जातात. हे सांगताना ती रडली. मी तिला पाणी दिलं, आणि ती गेल्यावर मी रडले.

कलम ७. पत्रा माझ्याबरोबर ठेवावा. धातू चालत नाही म्हणाले तर टाकून द्यावा.

मी घरात थोरली, सगळ्यांच्या आधी सुटलेली. निशिकांत, प्रबोध, मैत्रिणी, एकेक करून सगळे मला मागे टाकून गेले. पलीकडे कोणी वाट पाहत असतं, यावर माझा विश्वास नाही. मंडाईचा हॉल रिकामा असेल. तो रिकामा पाहून, म्हातारी पहिली आली, असं कोणी गमतीने लिहू-बोलू नये. दादा पहिले आले, कारण आई तिथे थांबली होती आणि तिने तसं सांगितलं. माझ्यासाठी थांबणारं कोणी मला सापडलेलं नाही.

वरचं सगळं मी पुन्हा वाचून पाहिलं. त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

सही: अरुणा निशिकांत मोहिते

श्रीमती मोहिते यांनी आम्हा दोघांच्या समक्ष सही केली आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या.

साक्षीदार १: प्रीतम वाघमारे
साक्षीदार २: मैत्रेयी प्रीतम वाघमारे
दोघांचा पत्ता: हौगांग, सिंगापूर. तीस तारखेनंतर: नागपूर.

स्थळ: सिंगापूर
दिनांक: १४ जून २०२५