सुजाताताईचं मेमरी कार्ड

११ जाने., रवि.
सुजाताताई दुपारी कार्ड घेऊन आली. दिवाळीपासून माहेरी आहे, आमच्याच मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत. नवऱ्याने लेकीला, ओवीला मात्र तिकडे वरळीलाच ठेवून घेतलंय. तो मारायचा त्याचे व्हिडिओ तिने फोनमध्ये, ह्याच कार्डावर करून ठेवले होते, त्याने सगळे उडवले. म्हणाली, "तू ते शिकतेस ना, पुसलेलं परत काढायचं?" माझी लगेच शायनिंग. म्हटलं, कॉलेजात शिकवतात ती टूल्स फुकट आहेत, लॅपटॉपवर आहेतच, आत्ता काढते.
एक निघाला! तो ओरडतोय, हात उगारतोय, मागे ओवी रडतेय. ताईला पूर्ण बघवला नाही. तिच्या आईने घावने पाठवले. मस्त वाटलं. शिकल्याचं चीज वगैरे.

१३ जाने., मंगळ.
सरांना कॉलेजच्या लॅबमध्ये सांगितलं, शाबासकी मिळेल म्हणून. त्यांनी एकच विचारलं, "कॉपी कुठेय?"
नाहीये. पहिल्याच तासाला शिकवलेलं. आधी कार्डाची पूर्ण कॉपी, मग काम कॉपीवर, मूळ कार्डाला हात नाही. लॅपटॉपवर जागाच नव्हती, सिरीज भरल्यात. म्हणून टूल थेट कार्डावर चालवलं, निघालेला व्हिडिओ सेव्हसुद्धा कार्डावरच. टूलने विचारलं होतं, याच कार्डावर? नक्की? मी हो दाबलं.
घरी येऊन परत चालवून बघितलं. बाकीचे व्हिडिओ होते त्या जागेवर आता हा बसलाय. त्यांचे नुसते तुकडे निघतात, उघडत नाहीत. आणि ह्याच्यावर तारीख परवाच्या रविवारची.
एखादी सिरीज उडवली असती तर झाली असती जागा. गाढव आहे मी.

१६ जाने., शुक्र.
ताईबरोबर भोईवाड्याला, तिच्या वकीलबाईंकडे. व्हिडिओ बघून म्हणाल्या, ह्याच्यावर ओवीचा ताबा मिळू शकतो. पण तारीख आत्ताची कशी? समोरचे म्हणणार, हल्ली कॉम्प्युटरवर काय वाट्टेल ते बनवतात. मग म्हणाल्या, हरकत नाही, मूळ कार्ड सरकारी लॅबला पाठवू, तिथे बाकीचे निघतील. ताईचा चेहरा खुलला. मी पाणी पीत बसले. तेव्हाच बोलायला हवं होतं.
येताना तिने ओवीसाठी केसांच्या क्लिपा घेतल्या. रंग मला विचारून.

१८ जाने., रवि.
परत घावने. शेवटी आईला सांगितलं. आई म्हणाली, तू मदतच केलीस, कोर्टाच्या भानगडीत पडू नकोस, गप्प बस. सर फोनवर म्हणाले, सरकारी लॅबवाल्यांना कळणारच, त्याआधी तू सांग. दोघांनाही हो म्हटलं. आणि दोन घावने खाल्ले.

१९ जाने., सोम.
सिरीज सगळ्या उडवल्या. आता जागाच जागा. काय उपयोग.
संध्याकाळी ताई आली. उद्या वकीलबाई माझं म्हणणं लिहून घेणार, मग कार्ड लॅबला जाणार. "तू एवढंच सांगायचं, मूळ कार्डाला काही केलं नाही. खरं तेच तर सांगायचंय, त्यात घाबरायचं काय?"
म्हटलं, ताई, जरा बस ना. तर म्हणाली, उद्या बोलू गं, ओवीचा कॉल यायचाय, आज तो लावून देणार म्हणालाय. गेली.
दोन्ही दारं उघडी आहेत. तिचा आवाज इथपर्यंत येतोय. ओवीला सांगतेय, आता थोडेच दिवस हं, मग तू इथे.
चप्पल घालून बसलेय. कॉल संपला की