मगदूम घराण्याच्या बुद्धीची वाटणी

मी, श्रीमती चंदनबाला मदन मगदूम, वय सदुसष्ट, धंदा घरकाम, राहणार सांगली, कोणाच्या दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला फक्त माझे नाव आणि आजचा वार विचारला. रक्त मागितले नाही, याबद्दल आभारी आहे.

१. सांगलीतले राहते घर माझ्या नावावर आहे. ते मी माझी नात ब्राह्मी हिला देते. तिचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत घर कोणी विकू नये, आणि तिच्या लग्नाच्या खर्चाला तर मुळीच विकू नये.

२. माझा मुलगा जिनेंद्र याला हे पटणार नाही, म्हणून कारण लिहिते. गेल्या वर्षी पुण्याहून चार विद्वान आले होते. माणसाची बुद्धी कोणत्या जनुकात असते ते शोधत होते. त्यांना काही हुशार घराणी हवी होती आणि काही साधारण. साधारण म्हणून समडोळीचे चौगुले, म्हणजे माझे माहेर, निवडले. मी तेव्हा तिथेच होते. सगळ्यांचे रक्त घेतले आणि चित्रांच्या कोड्यांची वही पुढे ठेवली. दिवस कलला होता. आम्ही जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणे उरकायची होती. माझा भाऊ गुंडा चुलीकडून ओरडला, "अगं आक्का, चित्रं कसली जुळवत बसलीस? हिकडं भाकरी करपाय लागल्यात!" मी अर्धी वही कोरी टाकून उठले. भावाने त्या लोकांना माझे नाव सांगितले ते माहेरचे, आक्काताई. चंदनबाला हे नाव मला लग्नात तांदळात लिहून मिळाले. समडोळीत ते अजून कोणी घेत नाही.

राहिलेली कोडी मात्र डोक्यातून जाईनात. महिनाभर लाटता-निवडताना मी ती सोडवत राहिले. दीड महिन्याने तेच लोक सांगलीत आमच्या घरी आले, कारण हुशार घराण्यांत जिनेंद्रने मगदूमांचे नाव घातले होते. रक्त पुन्हा घेतले. वही तीच होती. मी ती सकाळी निवांत बसून भरली.

पुढे त्यांचे पत्र आले. मगदूमांच्या घरातील एक वृद्ध स्त्री आणि साधारण गटातील एक स्त्री यांच्या रक्तातली तपासलेली सर्व ठिकाणे तंतोतंत सारखी, पण गुणांत जमीन-अस्मानाचा फरक. तो बहुधा घराण्याच्या संस्कारांमुळे पडला असावा. या दोन बायका एकच असतील, अशी शंका चौघांपैकी एकालाही आली नाही. मला कोणी विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही.

जिनेंद्रने पत्राला चौकट केली. "आई, बघ! मगदूमांची बुद्धी पुण्यात शाबीत झाली."

"व्हय रे बाबा," मी म्हणाले.

माझी चूक तिथे झाली. त्या पत्राच्या जोरावर त्याने ठरवले की घराण्याची बुद्धी घराण्यातच राहावी. बारावी दुसऱ्यांदा देणारा त्याचा मुलगा प्रथमेश इंजिनियर होणार, आणि पहिल्या फटक्यात शहाऐंशी टक्के आणणारी त्याची मुलगी ब्राह्मी लग्न करून जाणार. "पोरीची बुद्धी काय, सासरच्यांच्या उपयोगाची," असे तो म्हणाला.

३. चौकटीतले पत्र जिनेंद्रला देते. वरचे कलम वाचून झाल्यावर तो ते भिंतीवर ठेवो अगर काढो.

४. शिलाई मशीन प्रथमेशला. तो हाताने चांगले काम करतो. कोणी त्याला तसे सांगितलेले नाही.

५. माझे यजमान कै. मदन यांनी चाळीस वर्षे मला "तुला काय कळतंय?" म्हटले आणि व्यापाराचा हळदीचा माल रोज आधी मलाच दाखवून मग घेतला. त्यांना मी माफ केले आहे. अर्धे.

६. अंमलबजावणी ब्राह्मीच्या शिक्षिका दीपमाला कांबळे यांनी करावी. त्यांच्याबरोबर काल पुण्याला जाऊन मी ब्राह्मीचा कॉलेजप्रवेश पक्का केला. उद्या मुलगी बघायला पाहुणे येणार आहेत. त्यांना नको म्हणून कळव, असे मी जिनेंद्रला आज संध्याकाळी तोंडावर सांगणार आहे. तिचे शिक्षण पाच वर्षांचे आहे. तेवढे जगायचे मी ठरवले आहे. नाहीच जमले, तर हा कागद आहे.

सही: चंदनबाला मदन मगदूम

आमच्या समोर वाचून सही केली, साक्षीदार:
१) बिराप्पा सिद्धाप्पा हाक्के, रा. जत
२) आकाराम ज्ञानू सुतार, रा. सांगली

सांगली, शनिवार, २७ जून १९९८