तीन हजार फूट, बरोबर?

३ तारीख, सोमवार

नवी बदली, नवं गाव, नवी वही. क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर: दोन खोल्या आणि बाल्कनीत आधीच्या माणसाने सोडलेली तीन पायांची खुर्ची. तोही बढतीवरच गेला म्हणे. विमानतळाच्या टॉवरला एकशे बारा पायऱ्या. लिफ्ट आहे, पण असण्यापुरती. वर चहूबाजूंनी काच. सोबतीला एक म्हातारा, तीस वर्षं त्याच खुर्चीत. वैमानिकांना शाळकरी पोरांसारखं झापतो म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. बायको आणि मुलगी सोळाला विमानाने येताहेत. बायकोने फोनवर बजावलं, अहो, पडदे मी आल्यावर घेऊ. तुमची आवड एका घरात बघितली, पुरे झाली.

५ तारीख, बुधवार

आमचं काम सोपं. आपण उंची सांगायची, वैमानिकाने ती परत म्हणून दाखवायची आणि आपण ते ऐकायचं. पहिल्या दोन गोष्टी सगळे करतात. तिसरी पगारात धरलेली नाही. मी उत्तरादाखल माइकचं बटण दोनदा दाबतो: टक-टक. म्हणजे, हो बाबा, हो. मास्तरांनी भुवया चढवल्या. इथे तोंडाने 'बरोबर' म्हणायचं, म्हणाले, बोटाला कान नसतात. खवट आहे म्हातारा. आवडला.

८ तारीख, शनिवार

दुपारी अडीचला हेडफोनमध्ये बाईचा आवाज. तीन हजार फुटांवर उतरते आहे, बरोबर? रडारवर विमान नाही. मास्तरांना काही ऐकू आलं नाही. माझं बोट मात्र सवयीने टक-टक करून मोकळं.

आवाज ओळखीचा आहे. लिहून टाकतो, ही वही काही चौकशी समितीपुढे जाणार नाही. दोन वर्षांपूर्वी जुन्या टॉवरवर मी दुसऱ्याच विमानाला तीन हजार दिले. तिला वाटलं, तिलाच दिले. तिने रीतसर विचारलं. मी शेजारच्याला साहेबांच्या टोपाचा किस्सा सांगत होतो, ऐकलंच नाही. टक-टक. तिच्या वाटेत साडेतीन हजार फुटांचा डोंगर होता. तिच्यासकट बावीस माणसं गेली. समितीला मी सांगितलं, ती टक-टक माझी नव्हे, कुणाचीही असेल. अहवालात आलं: चूक वैमानिक बाईंची. तिच्या आईने तो अहवाल न फोडता परत पाठवला. मला बढती मिळाली.

१२ तारीख, बुधवार

रोज अडीच वाजता तोच प्रश्न. टॉवरवरच्या बोलण्याची टेप लावून पाहिली. तिचा आवाज नाही. माझी टक-टक आहे. इथल्या साहेबांनी मला माइकवरून उठवून मागच्या टेबलावर नोंदी लिहायला बसवलं. आज माइकपासून दहा पावलांवर होतो, तरी टक-टक झाली. एका मालवाहू विमानाने तेच उत्तर समजून वळण घेतलं. मास्तरांनी कसंबसं सावरलं. पायऱ्या उतरताना म्हणाले, पोटात काही असेल तर ओकून टाक बाबा. मी म्हटलं, माझं पचन उत्तम आहे.

१४ तारीख, शुक्रवार

प्रश्न बदलला. सोळा तारीख. खिडकीशी मुलगी, शेजारी आई. बरोबर?

बायकोला फोन केला, रेल्वेने ये म्हटलं. ती हसली. तुमच्याच टॉवरवर तुमचा भरवसा नाही होय हो?

साहेबांच्या दारापर्यंत गेलो. सगळं सांगणार होतो. नोकरी जाईल. कदाचित तुरुंगही. दार वाजवलं नाही. उद्या.

१५ तारीख

साहेब रजेवर. फोन उचलत नाहीत. तिने विचारलं, सांगणार, बरोबर? हो म्हणालो. या वेळी तोंडाने.

१६ तारीख

२.१५ — त्यांचं विमान रडारवर. मास्तर माइकवर. इथेही पूर्वेला डोंगर, अडतीसशे फूट. मास्तरांनी पाच हजार दिले. वैमानिकाने पाच हजार परत म्हटले. बरोबर. मी स्वतः ऐकलं.

२.३० — ती आली. विचारत नाही. नुसता श्वास. तिला माझी कबुली टेपवर हवीय. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

२.३२ — मास्तरांचा माइक ओढला. बोललो. टक-टक माझी. समितीपुढे खोटं बोललो. तिची चूक नव्हती. पूर्ण चाळीस सेकंद.

मास्तर ओरडताहेत. गाढवा, दोघं एकदम बोलले की कुणाचंच पोचत नाही! वैमानिक मधेच काही विचारत होता — स्पीकरवर नुसती किंचाळी — माझं एक अक्षर नाही —

आणि शेवटी टक-टक. स्वच्छ.

काय विचारलं त्याने?

विमान उतरतंय. चार हजार सातशे. मास्तर दुसऱ्या माइकवरून हाका मारताहेत, वर घ्या, वर — पोचत नाही. माझ्या डाव्या मुठीत बटण अजून दाबलेलं. सुटत नाही — मास्तर बोटं उलगडताहेत — एक बोट मोडलं, तरी —

ती बोलली. शांतपणे. आता उंची तू म्हण, मी ऐकते.

चार हजार दोनशे

चार हजार

एकोणचाळीस —