ऐकण्याचा पाट

कोपरगाव,
रविवार, १८ नोव्हेंबर १९७३

तीर्थरूप दाजी यांस,
कानिफनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे. यंदा गोदावरीला पाणी आहे, दोन वर्षांनी कारखान्याचं धुराडं नीट पेटलंय आणि उसाच्या गाड्यांमुळे रस्त्याने अंग चोरून चालावं लागतं. आईचे गुडघे थंडीने धरलेत, पण ती जेवते, भांडते, म्हणजे बरी आहे. विजयमाला अक्काने पाठवलेली गोधडी पोचली. तुमचा खोकला कसा आहे? तपकीर सोडा म्हणून मी सांगितल्याने तुम्ही सोडणार नाही, तरी सांगतो.

आठ महिन्यांनी धाकट्या मेव्हण्याचं पत्र आलं, म्हणजे तो माफी मागत असेल असं तुम्हाला वाटेल. तसं काही नाही. मी तुमच्यावर सूड उगवणार आहे, आणि कसा ते आधी कळवतो आहे. बेसावध माणसाला गाठणं ही तुमची रीत.

सध्या मी इथल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. हे तुम्हाला ठाऊक असतं, तर संस्थेच्या दशकपूर्तीची स्मरणिका श्रीरामपूरच्या मुद्रकाला तुम्ही इकडे ढकलू दिली नसती. मंगळवारी गठ्ठा माझ्या टेबलावर आला. वर ठसठशीत अक्षरांत : ग्रामनेतृत्व प्रशिक्षण व संशोधन मंदिर, बेलापूर. घाबरू नका. मी एक अनुस्वारही इकडचा तिकडे केलेला नाही. लिहिलेलं बदलायचं काम मी आयुष्यात एकदाच केलं.

पान अकरावर तुम्ही लिहिलं आहे : "आमच्या मंदिरात ऐकण्याचा पाट आहे. इथे शिकलेला कोणीही कार्यकर्ता मेळाव्यात तो पाट कोणाहीसमोर मांडू शकतो. ज्याच्यासमोर मांडला, त्याने खाली बसायचं आणि ऐकायचं. उत्तर द्यायचं नाही. बोलणाऱ्याने 'मी पाहिलं' असं म्हणून सुरुवात करायची. ऐकीव काही सांगायचं नाही. ज्याला पाट नको, त्याने नेतृत्व करू नये. संचालकही याला अपवाद नाहीत."

छान लिहिलंय. दहा वर्षांत सरपंच बसले, शिक्षक बसले, विश्वस्तही बसले. संचालक असून तुमच्यासमोर तो पाट एकदाही कोणी मांडला नाही.

आणि पान चौदावर भागूबाईचा फोटो. खाली ओळ : "खडी फोडणाऱ्या भगिनींच्या नेत्या; मंदिराने घडवलेलं नेतृत्व." २ डिसेंबरच्या मेळाव्यात पाहुण्यांसमोर तिला व्यासपीठावर बसवणार आहात म्हणे. दाजी, मंदिराने तिला घडवलं? मंदिराने तिचं नाव पुसलं! दुष्काळात दीडशे बायांना एका शब्दावर कामावर आणणारी आणि एका शब्दावर काम थांबवणारी बाई तुमच्या फळ्यावरचे धडे गिरवून तयार झाली, हे तुम्ही कोणाला सांगता? माझ्या हाताखालून जाणाऱ्या कागदावर सांगता?

तुम्ही म्हणाल, जुनं उकरू नकोस. मी उकरणार.

मार्च महिन्यात विश्वस्तांच्या सभेत मी उठून म्हणालो होतो की, जांभूळमाळचा सरपंच रंभाजी आपल्या मळ्यातल्या गड्यांची हजेरी सरकारी दुष्काळी खडीच्या कामावर लावतो. रंभाजी तुमचा दोस्त. त्याच्या मळ्यात तुमची शिबिरं भरायची. त्यानंतर चार दिवसांनी भर मेळाव्यात तुम्ही पाट माझ्यासमोर मांडलात आणि हसून म्हणालात, "बसा, वक्ते. आज ऐका."

मी बसलो. समोर भागूबाई उभी केलीत. ती म्हणाली, "मी पाहिलं. समितीच्या खुर्चीत ह्यो मानूस बसला. आमी माजं नाव सांगितलं हुतं, कागदावर ह्याचं आलं. आमी ह्याला निवडला न्हवता." आदल्या दिवशी तिला बोलावून, "कानिफने तुझं नाव खाल्लं" असं तुम्ही सांगितल्याचं मला मागाहून कळलं. वीस वर्षं सभा गाजवणारा मी, पाटावर बसून गप्प. नियम मोडला असता तर सगळे म्हणाले असते, बघा, ऐकून घ्यायची दानत नाही. तुम्ही मला माझ्याच जिभेवर बसवलंत. दुसऱ्या दिवशी माझी खोली रिकामी करायला सांगितलीत. अक्का दारात उभी होती. तिने माझ्या पिशवीत भाकरी ठेवल्या आणि तुमच्याकडे पाहिलंही नाही.

आता तिचं नाव जिथून गेलं, त्या पाहणीबद्दल. गेल्या डिसेंबरात जांभूळमाळच्या घराघरात आपण एकच प्रश्न विचारला होता : संकट आलं तर कोणाच्या शब्दाने उठाल? एकशे त्रेचाळीस घरं. एक्याण्णव घरांनी सांगितलं, भागूबाई. रंभाजीचं नाव अकरा घरांनी घेतलं, आणि त्यातली सहा त्याच्या भावकीची. उत्तरं लिहिलेल्या त्या पत्रिका पाहून तुम्ही चष्मा काढून पुसलात. "बौद्धवाड्यातली निरक्षर बाई पहिली आली असं लिहिलं, तर रंभाजी गावात पाऊल ठेवू देईल का आपल्याला? आणि त्याचं नाव घातलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही." मग माझ्याकडे बघून म्हणालात, "तुझं नाव तरी लोकांनी ऐकलेलं आहे."

अहवालात फेरफार तुम्ही केलात, असं मी आठ महिने सगळ्यांना सांगत आलो. इथपर्यंत या पत्रातही तसंच भासवलं.

पक्की प्रत माझ्या हातची आहे. नाव मी बदललं. तुम्ही सुचवलंत, मी नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. 'जांभूळमाळचं स्वयंस्फूर्त नेतृत्व : श्री. कानिफनाथ.' मी त्या ओळीची शाई सुकू दिली आणि ती दोनदा वाचली. त्या अहवालाच्या जोरावर मी दुष्काळी कामांच्या समितीवर गेलो.

आणि याच्या पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही, आईलाही नाही.

समितीच्या बैठकीला नगरला निघालो, तेव्हा भागूबाईने मला तीनदा सांगितलं होतं, "गुरुजी, बाकी काय बी बोला, पन जाळीचे चष्मे मागा. कपच्या डोळ्यात उडत्यात." मी बैठकीत चाळीस मिनिटं बोललो. जगातल्या श्रमिकांचा इतिहास सांगितला, रोम सांगितलं, फ्रान्स सांगितलं. अधिकारी माना डोलवत होते. टाळ्या पडल्या. चष्म्यांचं राहून गेलं.

बैठकीनंतर नवव्या दिवशी भागूबाईच्या सुनेच्या, साळूबाईच्या, डाव्या डोळ्यात कपची गेली. डोळा गेला.

भागूबाई त्या बैठकीला गेली असती तर तिने रोम सांगितलं नसतं. एवढंच मागितलं असतं आणि घेऊनच उठली असती. तिची खुर्ची मी अडवली होती. तुम्ही दिलीत, मी बसलो.

गेल्या रविवारी मी जांभूळमाळला गेलो. भागूबाई जोंधळा पाखडत होती. मी ट्रंकेतून कच्च्या पत्रिका नेल्या होत्या, सगळ्या एकशे त्रेचाळीस, तिच्या घरच्यांनी, शेजारच्यांनी सांगितलेली नावं जशीच्या तशी. गावच्या शाळेतल्या बन्सी मास्तराने एकेक वाचून दाखवली. ती पाखडत राहिली. एक्याण्णव वेळा तिचं नाव आलं तेव्हा कुठे सूप खाली ठेवलं. मग मी बोलायला लागलो. तिने हात वर केला.

"तुमी लई बोलता, गुरुजी. भाषन न्हाई पायजे मला."

"मग काय पाहिजे?"

"त्या टायमाला मला कोनी शिकवून उभं केलं, ते मला कळतं आता. पन तुमी बी धुतल्या तांदळाचं न्हाई."

"नाही."

"मग आदी तुमी पाटावर बसा. मग तुमच्या दाजींना बसवू."

आतून साळूबाई म्हणाली, "आत्याबाई, मी बी येनार." भागूबाई म्हणाली, "तू काय बोलशील?" ती म्हणाली, "जेवडं पाहिलं तेवडंच."

तर दाजी, असं होईल. २ डिसेंबरला पाहुणे बसले, हार घालून झाले, की भागूबाई व्यासपीठावरून उतरेल आणि पाट माझ्यासमोर मांडेल. मी बसेन. तिला जे म्हणायचं ते म्हणेल, साळूबाई म्हणेल, मी एक शब्द काढणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसायचं मी स्वतःहून ठरवलं आहे. मग मी उठेन. भागूबाई तोच पाट उचलून तुमच्यासमोर ठेवेल. तिला तो हक्क आहे. मंदिराने घडवलेलं नेतृत्व, असं तुम्हीच छापलंय. पान अकरा प्रत्येकाच्या हातात असेल. मग मी तुमच्यासमोर उभा राहीन आणि म्हणेन, "मी पाहिलं." पत्रिका एकेक करून वाचेन. सगळ्या. कितीही वेळ लागो.

तुम्ही बसला नाहीत, तर तुम्हीच लिहिलेलं शेवटचं वाक्य लोक वाचतील. बसलात, तर ऐकाल. तिसरी वाट मी ठेवलेली नाही. आजारी पडू नका. अक्काला मध्ये घालू नका. मी इथे मुद्रितं तपासतो हे तिला जूनपासून माहीत होतं, आणि स्मरणिका कुठे छापायला चाललीय हेही. ती तुम्हाला बोलली नाही. का बोलली नाही, ते तिला तुम्ही विचारा. मी विचारलेलं नाही.

तुम्ही मला वाचायला शिकवलंत, पहिली पुस्तकं तुमच्या कपाटातली, पहिल्या सभेत माझा सदरा तुमचा होता. त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे, आणि म्हणूनच हे काम दुसऱ्या कोणाला करू देणार नाही.

स्मरणिकेच्या पाचशे प्रती शनिवारी येतील. पान अकरा मी तीनदा तपासलं. एकही चूक नाही.

अक्कास नमस्कार. तिला म्हणावं, पाट पुसून ठेव, दोघांना बसायचं आहे.

तुमच्या आधी बसणारा,
कानिफनाथ