शुक्रवारची व्हिजिट

शनिवार, ५ ऑक्टोबर १९९६
लागली एकदाची इथे आखातात नोकरी! सनाबिसला डॉ. गुरुप्रसाद यांच्या दवाखान्यात बिलिंगचं काम. डॉक्टर पुण्याचे. माझं खेडचं मराठी ऐकून हसले, पण चहा मागवला. झिंजला घरी परतले तर अम्माने शेवया केल्या होत्या. हारून म्हणाला, आता बायकोचा रुबाब सोसायचा. म्हटलं, सोस, निकाहाआधी विचार करायचा होतास.

मंगळवार, ८ ऑक्टोबर
काम समजलं. साठीपुढच्या रहिवाशांना सरकारी विमा आहे. म्हातारी माणसं दवाखान्यात येतात, डॉक्टर घाईघाईत तपासतात, आणि बिल करायला सांगतात ते घरी जाऊन तपासल्याचं. तेही शुक्रवारी! सुट्टीच्या दिवशीच्या व्हिजिटला विमा सगळ्यात जास्त देतो म्हणे. गुरुवार-शुक्रवार विम्याची कचेरी बंद, म्हणून येत्या शुक्रवारची तारीख घालून बिलं बुधवारीच रवाना करायची. व्हिजिट व्हायच्या आधीच बिल! शुक्रवारी डॉक्टर असतात क्रिकेटच्या मैदानावर. मी विचारलं, हे चालतं का? ते म्हणाले, पेशंटला काही द्यावं लागत नाही, मग कोणाचं काय गेलं? मलाही ते पटलं.

शनिवार, १२ ऑक्टोबर
जुफैरहून आमच्या पेशंट सुरैया खालांचा फोन. कौतुक करत होत्या, काल जुम्म्याच्या नमाजानंतर तुमचा डॉक्टर घरी आला, भला माणूस हाय, काय बोलला नाय, नाडी धरून बसला, पण हात किती थंड! मला हसू आलं. ती व्हिजिट तर फक्त माझ्या बिलात होती. म्हातारपणी स्वप्नसुद्धा खरं वाटतं.
डॉक्टरांनी आपणहून सुचवलं, तुझ्या आईचंही बिल कर, ब्लडप्रेशरच्या गोळ्या विम्यातून मिळतील. आंधळा मागतो एक डोळा! अम्माच्या नावाने येत्या शुक्रवारची व्हिजिट लिहिली.

सोमवार, १४ ऑक्टोबर
सुरैया खाला गेल्या. झोपेतच. वाईट वाटलं. घरी येऊन त्यांच्यासाठी कुराणातली यासीन पढले.

मंगळवार, १५ ऑक्टोबर
दुसरे पेशंट, झुबेर चाचा, तेही गेले. त्यांची सून निदा रडत दवाखान्यात आली. तिला एवढंच विचारायचं होतं, शुक्रवारी आलेल्या डॉक्टरने सासऱ्यांना काय दिलं? तिने त्याला पाठमोरा पाहिला. चाचा म्हणत होते, हात फार थंड आहेत.
चाचांची व्हिजिटही मीच लिहिली होती. डॉक्टर शपथेवर सांगतात, ते मैदानावर होते. मला भीती वाटते आहे.

बुधवार, १६ ऑक्टोबर
अम्माचं बिल काढून घ्यायला धावत गेले. पाकीट सकाळीच पोचलं होतं. कचेरीतला माणूस म्हणाला, आत गेलं की खलास, परत मिळत नाही. हात दाखवून अवलक्षण! डॉक्टर मला वेडी म्हणाले. पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते.

गुरुवार, १७ ऑक्टोबर
हारूनला सगळं सांगितलं. उद्या घरी थांब म्हटलं. तो म्हणाला, जुम्मा चुकवू? दार लावून बस, नमाज झाली की आलोच.
अम्माला सांगितलं नाही. या वयात तिला कशाला—

शुक्रवार, १८ ऑक्टोबर
हारून गेला. कडी लावली, खुर्ची दाराला लावून बसले आहे. अम्मा आत पलंगावर तसबीचे मणी ओढते. माझी अम्मा. मीच लिहिलं तिचं नाव.

नमाज सुटली असेल. हारून का येत नाही—

बेल.

उघडणार नाही. पुन्हा वाजली— पुन्हा—

थांबली. अल्लाचे उपकार. गेला.

आत अम्मा कोणाशी तरी बोलते आहे.

बसा म्हणते. चहा विचारते. कडी तर अजून लागलेलीच—

अम्मा त्याला सांगते आहे, मला काय झालं नाय डॉक्टर. माझ्या पोरीला बघा आधी. बाहेर बसलीय, सारखी कापते—

पलंग करकरला. कोणीतरी उठलं.

अम्मा नाही, अम्माला इतक्या चटकन उठता येत ना—