मुनीम कोणत्या बाजूने चालतो

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

मी चिमणीकडे सुखरूप पोहोचले. खुब्याचे टाके निघाले, आता रोज थोडं थोडं चालवतात. फोनवर बोलावं तर बेकरीतल्या मशीनच्या घरघरीत तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून लिहिते. उभा जन्म पोस्टात शिक्के मारण्यात गेला, कागदावर माझा अजून विश्वास आहे.

मुनीम तुझ्याकडे आहे म्हणून मला इथे झोप लागते. पण तू कधी कुत्रं पाळलेलं नाहीस, तेव्हा नीट वाच. त्याचा पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही. मी गुंडाळला होता, त्याला मांजर दिसली आणि मी फुटपाथवर आडवी झाले. पट्टा मुठीत धरायचा, म्हणजे वेळ आली तर सोडता येतो. दुपारी बाहेर नेण्याआधी हाताची पाठ रस्त्यावर टेकवून बघ. तुला चटका बसला तर त्याच्या पायांनाही बसणार. पाव पोचवायच्या गाडीत काचा लावून त्याला क्षणभरही ठेवू नकोस. झोपलेला असेल तर आधी हाक मार, मग हात लाव. वय झालंय, दचकतो. तो जेवत असताना लाडात येऊ नकोस. कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघत जा.

आता तुझ्या दुकानाचं. चॉकलेट आणि मनुका त्याला विष आहेत, कांदाही नको. भावजयीचा हात सढळ आहे, तिला मुद्दाम सांग. आणि चुकून काही खाल्लंच, तर मीठपाणी पाजून उलटी काढण्याचे घरगुती उद्योग करायचे नाहीत. सरळ डॉक्टरबाईंना फोन करायचा. नंबर पाठीमागे लिहिला आहे.

घरात मी, तो आणि रेडिओ एवढेच होतो, हे तुला माहीत आहे. त्याला सांभाळ.

माझ्यावरचा लोभ सध्या त्याच्यावर खर्च कर. कळावे.

तुझी ताई

———

ता. २१ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र म्हणजे सरकारी परिपत्रक. बायकोने ते भट्टीशेजारी भिंतीवर चिकटवलं आणि मनुकांचे डबे माळ्यावर गेले. मुनीम दुकानाच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नाकावरून न्याहाळतो. नाव बरोबर ठेवलंस.

पण आज थट्टेचं पत्र नाही. तो काल सकाळपासून दवाखान्यात आहे, आणि तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

भट्टीच्या भिंतीला लागून आपला बुटका बाक आहे ना, आजोबांपासून पावाचं पीठ त्यावरच फुगायला ठेवतात. तिथली ऊब मुनीमलाही आवडली, तो बाकाखाली झोपायचा. मी पुढे गिऱ्हाइकाशी बोलत उभा होतो, तेवढ्यात त्याने ओलं फडकं ओढून पिठाची अर्धी परात फस्त केली. मला आधी हसू आलं. मग तो उठला तो झोकांड्या खात, दारू प्यायल्यासारखा, आणि पोट ढोलासारखं ताठ. मी मिठाची बरणी उचलली होती, पण बायकोने भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवलं आणि फोन लावला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, कच्चं पीठ पोटातल्या उबेने आतही फुगत राहतं आणि त्याची दारूही होते. गार पाण्याने पोट धुऊन निघेल तेवढं पीठ काढलं, सलाईन लावलं आहे. मी तिथेच बाकड्यावर बसून लिहितो आहे. वाचेल असं त्या म्हणत नाहीत, वाचणार नाही असंही म्हणत नाहीत. ताई, मी फार घाबरलो आहे.

रागव, पण लोभ काढून घेऊ नकोस.

तुझा धाकटा

———

ता. ३० मार्च

ती. मामास शि. सा. न. वि. वि.

मुनीम घरी आला, जेवायला लागला, हा तुझा फोन आला तेव्हा आई रडली. पडली त्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती.

तरी मामा, मला तुझ्याशी वेगळं बोलायचं आहे. मे महिन्यात आई स्वतःच्या घरी परतणार म्हणते. डॉक्टरांनी बजावलंय की पुन्हा पडली तर चालणं कायमचं सुटेल. मुनीम वाईट नाही, पण तो ओढतो, आणि आईच्या एका हातात आता कायमची काठी असणार. मी रोज तिथे नाही. तू त्याच्यासाठी एखादं चांगलं घर बघशील का? आईला मी समजावते. मी दुष्टपणाने म्हणत नाही, हे तुला कळेल.

मामीला नमस्कार. भाचीवरची माया या पत्रामुळे कमी होऊ देऊ नकोस.

तुझी चिमणी

———

ता. ५ एप्रिल

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझं म्हणणं खरं आहे, मला राग आलेला नाही. घराचं बघतो. तू फक्त एवढं कळव: ऑपरेशन कोणत्या पायाचं, काठी कोणत्या हातात धरते, आणि ती साधारण किती हळू चालते. या चौकशीबद्दल आईला काही बोलू नकोस.

मामाची माया पावासारखी रोज ताजी असते, काळजी नको.

तुझा मामा

———

ता. २२ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पिठावरून तुला बोलायला शब्द जुळवले होते, पण मग आठवलं की लहानपणी थंडीत त्याच बाकाखाली मी अंथरूण घालायची. डोक्यावर फुगत्या पिठाची परात आणि पाठीला भट्टी. एवढी लांबलचक यादी लिहिली आणि नेमकं तेच सुचलं नाही. माझ्या एकटीच्या घरात कशाला कोण पीठ फुगवतंय? तेव्हा दोष वाटून घेऊ, निम्मा निम्मा.

चिमणी माझ्याशी बोलली. आधी मी तिच्यावर चिडले, दोन वेळा जेवले नाही. मग काल गॅलरीत चालताना शेजारचं पोर धावत आलं, नुसता धक्का लागला, तर मी कठडा धरून कापत उभी राहिले. ती बरोबर म्हणते. तूच ठेव त्याला. दुसऱ्या कुणाच्या घरी नको, तुझ्याकडे असला तर निदान दिसत तरी राहील. चौदा मेला घरी जाताना मी तुझ्याकडे येईन, तेव्हा त्याला वरच्या खोलीत बंद कर. मी त्याला न बघता पुढे जाईन. त्या दिवशी बघितलं तर मला जमायचं नाही.

यापुढे माझ्या वाटणीचा लोभ त्याला दिलास तरी चालेल.

तुझी ताई

———

ता. २ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र बायकोने वाचलं आणि माझ्या हातात देऊन आत निघून गेली. हे सगळं फोनवर सांगता येणार नाही, म्हणून लिहितो.

आधी बाकाचं. तो मी उचलून अंगणात ठेवला आणि छातीच्या उंचीवर लोखंडी फळी ठोकली. तिथे ऊब कमी पडते, त्यामुळे पहिला आठवडाभर पाव चपटे निघाले आणि गिऱ्हाइकांनी माझी यथेच्छ टिंगल केली. आता अंदाज आला आहे.

दुसरी गोष्ट तुला न विचारता केली. बाबांची काठी माळ्यावरून काढली. भट्टी विझली की रोज मी ती डाव्या हातात धरतो, उजवा पाय हळू टाकतो, आणि मुनीमला उजव्या बाजूला घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. पाय कोणता, हात कोणता, हे चिमणीने कळवलं. तिला वाटलं मी काठी विकत घेऊन देणार आहे. मुनीमला आयुष्यभर डाव्या बाजूची सवय, आधी तो सारखा पायांत यायचा. ओढायला लागला की मी जागच्या जागी खांबासारखा उभा राहायचो, परत जवळ आला की पुन्हा पाऊल. ही युक्ती डॉक्टरबाईंची. कितीदा तर फाटकापासून दुकानाच्या पाटीपर्यंतसुद्धा पोहोचलो नाही. औषधाच्या दुकानदाराने गुडघ्याला चोळायचं तेल पाठवून दिलं. समोरच्या भाजीवालीने बायकोला हळूच विचारलं की यांना एकाएकी काय झालं.

काल भिंतीवर मांजर होती. मुनीमने पाहिली, अंग ताठ केलं, आणि माझ्या काठीकडे बघून खाली बसला. मी रस्त्यातच त्याला मिठी मारली. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू दे.

चिमणीला मी वेगळं लिहिलं आहे. पहिला आठवडा तू इथेच राहायचं, तिने येऊन तुम्हा दोघांना चालताना बघायचं, आणि तिची खात्री पटली तरच त्याला घेऊन घरी जायचं. नाहीतर वरची खोली तुम्हा दोघांची. पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही, हे तुला मी सांगायला नको.

आमच्यावरचा लोभ आहे तसा असू दे, कुणाला वाटून देऊ नकोस. आणि येताना तुझी काठी तिकडेच ठेव. मुनीमला बाबांच्या काठीचा आवाज ओळखीचा आहे.

तुझा धाकटा