पाइनला पाणी घालू नये

९ नोव्हें. २००३, रवि.
सकाळी पाहते तर हे पाइप धरून पाइनपाशी उभे. दुपारी जेवून उठले, पुन्हा पाइप. संध्याकाळी पुन्हा. एवढी मोठी बाग, आंबा आहे, चिकू आहे, माझा मोगरा वाळून कोळ झालाय. पण ह्यांना दिसतो तो एकच पाइन. बुंध्याशी नुसता चिखल. खालच्या काड्या पिवळ्या पडल्यात. म्हटलं, "अहो, म्हशी आणायच्यात का डुंबायला?" तर म्हणे, "पिवळा पडलाय म्हणून तर घालतोय."


१२ नोव्हें.
शाळेतून येताना नर्सरीत उतरले. तिथला माणूस म्हणाला, "बाई, डोंगरावरचं झाड ते. आपली काळी माती, वर रोज पाणी. मुळं कुजणारच. त्याला विसरून जा, मग जगेल." घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. हे म्हणाले, "विसरून कसं चालेल?" आणि पाइप आणायला गेले.

१६ नोव्हें.
शेजारच्या दामलेबाई कुंपणावरून, "तुमचा सुरू वाळतोय हो. पाणी घालत नाही का?" म्हटलं, सुरू नाही, पाइन आहे. "तेच ते." हे मागेच उभे होते, सगळं ऐकलं. आधीच मर्कट, त्यात दामलेबाईंनी मद्य पाजलं. अंधार पडेपर्यंत पाइप चालू.

२४ नोव्हें.
निखिलला म्हटलं, तू तरी सांग बाबांना. चिरंजीव बुटाची नाडी बांधत, "आई, जाऊ दे ना, लेट हिम. दुसरं काय करतात ते?" आणि कंपनीच्या बसला पळाला.
खरं आहे म्हणूनच जास्त लागलं. ह्यांनी व्हीआरएस 'घेतली' म्हणायचं, खरं तर कंपनीने दिली. पंचवीसेक वर्षं तिथे मेंटेनन्सला फिटर. आता तिथे काचेची इमारत उभी राहिलीय. तिच्यावरूनच निखिलची बस जाते. शेवटच्या दिवशी हत्यारांची पेटी घरी आणली, जिन्याखाली ठेवली, ती आजतागायत उघडली नाही. स्वयंपाकघरातला नळ गळतोय, सांगून थकले. शेवटी प्लंबर बोलावला, तर हे पेपर वाचत बसले. नळ अजून गळतोच आहे.
ह्यांच्या कंपनीच्या गेटाजवळ असाच पाइन होता. त्याच्याखाली डबा खायचे. तो तोडला, म्हणून हा आणला. मला सगळं कळतं. हा मेला तर हे पुन्हा त्या खुर्चीत भिंतीकडे बघत बसतील, पहिले सहा महिने बसले होते तसे. मला त्याची भीती वाटते.
पाणी थांबवलं तर ह्यांना काम नाही. चालू ठेवलं तर झाड नाही. आणि मला शांतता कशानेच नाही.

१ डिसें.
केलं शेवटी. बागेच्या नळाचा व्हॉल्व्ह गेटाजवळ जास्वंदीमागच्या खड्ड्यात आहे. घरची लाइन वेगळी. हे दाढीला गेले होते. मेला इतका गंजलेला, बत्त्याने ठोकून ठोकून बंद केला. मग चेहरा साधा ठेवून, "अहो, बागेला पाणी येत नाहीये वाटतं."
ह्यांना बादल्या उचलायला डॉक्टरांनी कंबरेमुळे बंदी केलीय, ते एक बरं. जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं.

४ डिसें.
हे पाणीखात्याच्या कचेरीत गेले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. साहेब जागेवर नव्हते. तणतणत परत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि बंब माझ्याच घरचा.

११ डिसें.
पुन्हा कचेरी. या खेपेला दामल्यांनाही नेलं, त्यांच्याकडे म्हणे प्रेशर कमी आहे. जेवताना मला ऐकवलं, "मी साहेबांना म्हटलं, आपण खुर्चीत बसून प्रेशर मोजता का? काय हुशारी आहे." स्वतःच हसले. पोळी मागून घेतली.
कंपनी सुटल्यापासून कोणाशी भांडले नव्हते. मी काय करून बसलेय कोण जाणे.

४ जाने. २००४, रवि.
पाइनच्या शेंड्याला बोटाएवढं काहीतरी फुटलंय, पांढुरकं, ताठ. की मला हवंय म्हणून दिसतंय? ह्यांना दाखवलं. चष्मा लावून बघितलं. मग म्हणाले, "पाणी नसताना?" आणि माझ्याकडे बघितलं. कणीक मळायचीय म्हणून आत आले.

१३ जाने.
शुक्रवारी पाणीखात्याचे इंजिनियर स्वतः बघायला येणार. ह्यांनी गल्लीभर सांगितलंय.
 तो माणूस पहिला व्हॉल्व्ह बघेल. मग सगळ्यांसमोर काय शोभा. जन्म फिटर म्हणून काढला आणि घरचा व्हॉल्व्ह बघितला नाही, असं म्हणतील ह्यांना. हे पेटीला हात लावत नाहीत याच भरवशावर मी होते. ते असं अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं. त्याआधी व्हॉल्व्ह उघडायलाच हवा.

१५ जाने., गुरु.
हे आंघोळीला गेले तशी मी बत्ता घेऊन गेटाशी गेले. बत्ता लागलाच नाही. व्हॉल्व्ह दोन बोटांनी फिरला.
ताजं ग्रीस. दांड्याला गळती थांबवायचा नवा दोरा गुंडाळलेला, खड्ड्यातला पाचोळा काढलेला. आत येऊन जिन्याखाली बघितलं, पेटीवर धूळ नाही.
कधीपासून? त्या पहिल्या दिवसापासून, की पाइन फुटल्यावर? कचेरीत भांडताना माहीत होतं का?  व्हॉल्व्ह दुरुस्त करून त्यांनी पुन्हा बंदच ठेवला होता. मीही बंद करून आले.
हे डोकं पुसत आले. "चहा टाकलास?" टाकते म्हटलं. "उद्या चार कप जास्त लागतील. साहेब यायचेत."  त्या साहेबांना काय सांगणार, देव जाणे.
मग ओट्यापाशी उभे राहून, कपाळाला आठ्या, "हा नळ कधीपासून गळतोय? सांगायचं नाही का माणसाला?"
दीड वर्ष सांगतेय.